वेलीवरची भेग

ओमानमधल्या सूर शहराला जाणाऱ्या टॅक्सीत माझ्या शेजारी एक पुणेकर इंजिनिअर बसला होता. तेलवाहिन्यांना भेगा पडू नयेत म्हणून तो पगार घेई. बाकीचा वेळ तो सतराव्या शतकात लंडनला धर्मग्रंथ छापणाऱ्या एका मुद्रकाची सगळी पुस्तकं शोधण्यात घालवी.

“वाचलं एकही नाही हो,” तो आनंदाने म्हणाला. “प्रवचनं फार लांबलचक. मी फक्त भेग बघतो.”

त्या मुद्रकाने वेलबुट्टीचा एकच लाकडी ठसा आयुष्यभर वापरला आणि ठशाची भेग पुस्तकागणिक वाढत गेली. आज मुद्रकाचं नाव नसलेल्या एका पुस्तकातल्या तशाच वेलबुट्टीच्या पानाचा फोटो यायचा होता. तिकडच्या प्राध्यापकांनी ते दुसऱ्याच मुद्रकाचं ठरवलं होतं. त्या सालच्या ठशासारखीच इथेही भेग वेलीवरच्या पक्ष्यापर्यंत पोचली असेल, तर ठसा तोच, म्हणजे प्राध्यापक चूक आणि हा बरोबर.

वादी अदाईच्या डोंगरांत नेटवर्क गेलं. त्याने फोन खिडकीबाहेर धरला. अखेर फोटो उघडला. भेग पक्ष्याच्या चोचीतून शिरून शेपटीतून बाहेर पडली होती! तो सीटवर उड्याच मारू लागला.

ओमानी ड्रायव्हरने विचारलं, “क्या हुआ? लडका हुआ?”

“नहीं चाचा, दरार बढ गई!”

चाचांनी क्षणभर विचार केला आणि मनापासून म्हटलं, “माशाल्ला!”

इतका नेमका सत्कार मी कुठल्याही व्यासपीठावर पाहिलेला नाही.