आत्ताचा की आजवरचा

माझ्या साडूंइतका संतापी माणूस पेणपासून रोह्यापर्यंत दुसरा झाला नाही. कंपनीचा बॉयलर विझला असता, तर त्यांना तिथे उभं करून सबंध शिफ्ट काढता आली असती. आणि चिडायचे कशावर, तर आकड्यांवर. नव्वदच्या दशकात आम्ही दोघं रोह्याजवळच्या एका रसायन कंपनीत होतो. मी स्टोअरमध्ये, ते कॉम्प्युटरवर. प्लांटमधल्या यंत्रांचे निरोप ऑफिसपर्यंत पोचवणारी लायब्ररी, म्हणजे प्रोग्रामांचा संच, त्यांनी एकट्याने सी भाषेत लिहिली होती. चालता चालता ती स्वतःचे आकडे पडद्यावर दाखवायची. साडूंचं म्हणणं एवढंच, की आधी आकड्याचा प्रकार ओळखा. एक नुसता साठत जातो, कधी उतरत नाही. दुसरा या क्षणाचा, तो चढतो आणि उतरतो. हे खूळ घरीदारी चालायचं. पेणजवळच्या जोहे गावी गणपती ठरवायला गेलो, तर मूर्तिकार सहज म्हणाला, “दीडशे झाले.” साडू तापले. “या मोसमात घडवलेले, की आत्ता फळीवर आहेत ते?” तो म्हणाला, “काका, तुम्हाला गणपती हवाय का नाय, ते बोला.” घरी आदळआपट सुरू झाली की आमची मेव्हणी शांतपणे विचारायची, “हा राग आत्ताचा, की लग्नापासून साठलेला?”

मग नवे साहेब आले. वाटेत अडखळलेला निरोप लायब्ररी पुन्हा पाठवायची आणि तसे किती, ते मोजायची. तो आकडा रोज वाढतोय हे पाहून साहेबांनी निकाल दिला: ही दिवसेंदिवस बिघडतेय, काढा, विकतची आणा. साडू केबिनमध्ये शिरले. आवाज नदीपलीकडच्या अष्टमी गावात ऐकू गेला म्हणतात. “साहेब, तो सुरुवातीपासूनचा साठा आहे, वाढणारच. आजच्यातून कालचा वजा करून बघा. तुमचं वयही रोज वाढतं, म्हणून तुम्ही रोज बिघडता काय?” साहेबांना वजाबाकी कळली की नाही देव जाणे, अपमान मात्र लगेच कळला. मी सुचवलं, “साडूभाऊ, रोज सकाळी बंद करून चालू करा. आकडा शून्यावर येईल, साहेब खूश.” ते असे उसळले की स्टोअरमधले ड्रम जागचे हलले. “मग आकडे लावले कशाला? फसवायला?”

लायब्ररी गेलीच. ती बंद करायचं कामही त्यांच्याच गळ्यात घातलं. हा हलकटपणा आठवला की अजून माझं डोकं फिरतं. शेवटच्या संध्याकाळी त्यांनी नवे निरोप घेणं थांबवलं आणि पडद्यासमोर उभे राहिले. बाहेर कंपनीची बस हॉर्न देत होती. “चला हो, गाडी सुटेल,” मी म्हटलं. “थांब. रांगेतले निरोप पोचू देत.” रांगेचा आकडा हळूहळू उतरत होता. शून्य झाल्यावर त्यांनी बटण दाबलं, खुर्ची आत सरकवली. बस केव्हाच गेली होती. रोह्याच्या स्टँडपर्यंत आम्ही चालत आलो. वाटेभर ते कोणावरही चिडले नाहीत, आणि तो रस्ता मला फार लांब वाटला.