पगार आमेन, बोनस मलिदा

आमचे शेजारी शालोमकाका आठवडाभर अगदी तोंडावर बोलायचे. "मास्तरीणबाई, आज आमटी लागलीय तुमची," हे कुंपणापलीकडून नुसत्या वासावर सांगणारा माणूस! मी पातेलं उतरवायला धावेपर्यंत "दुसरी करा, ही नवऱ्याला घालू नका," हेही सांगून मोकळे. पण शुक्रवारी दिवेलागण झाली की ह्या माणसाला काय व्हायचं कोण जाणे. एकदम आडून आडून बोलायला लागायचे.

मी सांगलीकडची. लग्न होऊन रत्नागिरीला आले, तिथल्याच शाळेत लागले. आले त्याच आठवड्यातली गोष्ट. शुक्रवारी संध्याकाळी काका कुंपणाशी येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "मास्तरीणबाई, आमच्याकडे आज अंधार जरा जास्तच आहे, नाही का?"

"हो ना, अमावास्या आहे," मी म्हटलं आणि आत निघून आले.

दुसऱ्या दिवशी अंधार पडल्यावर त्यांच्या सिपोराकाकू आमच्या ओटीवर आल्या आणि कपाळाला हात लावून हसायलाच लागल्या. "अगो बाय माझे, काल बटण दाबायचं राहिलं माझ्याकडून. दिवा लाव म्हणून सांगत होते ते तुला! आम्ही रात्रभर चाचपडत जेवलो." मग मला उलगडा झाला. काका बेने इस्रायल, म्हणजे आमच्या कोकणातले ज्यू. शुक्रवारचा सूर्य मावळल्यापासून शनिवारचा मावळेपर्यंत त्यांना शब्बाथ. दिवा लावायचा नाही, काम करायचं नाही, दुसऱ्याला "कर" म्हणूनही सांगायचं नाही. पण समोरच्याला आपणहून कळलं आणि त्याने केलं, तर काकांचा नाइलाज! आमचे हे पोट धरून हसत होते. मी वैतागून म्हटलं, "मग हे आधी सांगायचं ना!" तर हे म्हणाले, "आधी सांगितलं की ते सांगणंच झालं की गं!"

पुढे सगळी आळी ह्या भाषेत तयार झाली. "वारा पडलाय" म्हणजे पंखा. "मास्तरीणबाई, घर झोपायला बघतंय" म्हणजे दिवा मालवा. कधी कधी आम्ही जास्तच शहाणपणा करायचो. एका शनिवारी काका सहज म्हणाले, "यंदा फणस बरे धरलेत." तासाभरात समोरच्या हमीदचाचांनी भलाथोरला फणस त्यांच्या ओटीवर आणून आदळला. काका कळवळून ओरडले, "अरे मेल्या, मी नुसता फणसाबद्दल बोलत होतो!" चाचा म्हणाले, "ते आता रविवारी सांग."

काका पोटापाण्याला आंब्याची खोकी ठोकायचे. पण त्यांची खरी ओळख हझन, म्हणजे त्यांच्या लोकांची प्रार्थना चालवणारा. लग्न असो, बारसं असो, मयत असो, काका हजर. वेगळं प्रार्थनाघर नव्हतं, काकांची पडवी हीच त्यांची मशीद. तो शब्द बेने इस्रायल मंडळी असाच वापरत. हझनपणाचं काय मिळतं, असं मी एकदा भोचकपणे विचारलं. काका म्हणाले, "पगार आमेन, बोनस मलिदा." मलिदा म्हणजे गोड पोहे, खोबरं आणि फळं. एलियाहू पैगंबराच्या नावाने ताट मांडून प्रार्थना म्हणायची आणि सगळ्यांना वाटायचं. आणि आमेन म्हणजे काकांनी आशीर्वाद म्हटला की लोकांनी द्यायचा जबाब. "पूर्वी आमेन झालं की कौलांवरची मांजरं पळायची, मास्तरीणबाई," काका सांगायचे. "हझन गातो तो त्या एका शब्दासाठी. नाहीतर गळा काढायला न्हाणीघर काय वाईट आहे?"

पण माणसं जात राहिली. कुणी मुंबईला, कुणी इस्रायलला. आळीत घरोघरी टीव्ही यायला लागले तोवर पडवीत जबाब द्यायला उरले एकटे मोशेआबा, आणि ते ठार बहिरे. त्यांचं आमेन एस.टी.सारखं, यायचं नक्की पण कधी ते सांगता यायचं नाही. काका आशीर्वाद संपवून थांबायचे. कावळा ओरडायचा, हमीदचाचा खाकरायचे, काकू तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटायच्या. काका पुढची ओळ सुरू करणार इतक्यात मोशेआबा गरजायचे, "आमेन!" कुंपणाअलीकडे भाजी निवडताना तो शब्द माझ्या जिभेवर यायचा आणि मी तो गिळायचे. म्हणायचे, त्यांचा देव, त्यांचा जबाब, आपण कशाला मध्ये तोंड घाला?

मग मुलगा आला, दानियल. तिकडे इस्रायलात, अश्दोदला गॅरेजमध्ये होता. आईवडिलांना न्यायलाच आला होता. काका महिनाभर "नाही" म्हणत होते. शेवटी दानियल चिडला. त्याचा आवाज आमच्या चुलीपर्यंत आला. "बाबा, सगळा जन्म घसा फोडलात ह्या लोकांसाठी. मिळालं काय?"

"आमेन मिळालं."

"तेही एका बहिऱ्याचं!"

तोंडाळ माणूस गप्प झाला हे मला सोसेना. असा राग आला म्हणता त्या पोराचा! पण दुसऱ्या दिवशी काका स्वतःच सांगायला आले. "जातो मास्तरीणबाई. तो बोलला ते खोटं नाही." मोशेआबांना त्यांची लेक ठाण्याला नेणार होती.

निघायच्या आदल्या दिवशी काकांनी मलिदा केला. सगळी आळी पडवीत दाटीवाटीने बसली. ताटात पोहे, केळी, खजूर, मधोमध तुळशीची डहाळी. काका गायला लागले. आवाज थोडा फाटला होता, तरी पहिला आशीर्वाद त्यांनी वर नेऊन नीट उतरवला आणि थांबले.

कुणीच बोलेना. काकू पदर तोंडाला लावून बसलेल्या. दानियल दाराशी खाली मान घालून उभा. मोशेआबांचं सगळं लक्ष खजुरात.

काकांनी आमच्याकडे पाहिलं. गुरुवार होता, सरळ सांगायला काही हरकत नव्हती. पण ते हळूच म्हणाले, "आज घरात शांतता जरा जास्तच आहे, नाही का?"

ह्या वेळी मात्र मला सगळ्यांच्या आधी कळलं. "आमेन!" मी वर्गात ओरडते तशी ओरडले. हमीदचाचांचं "आमीन" लगोलग आलं, मग आमच्या ह्यांचं, मग अख्ख्या पडवीचं. इतकी वर्षं कुंपणापलीकडून ऐकून सगळ्यांना ते तोंडपाठ होतं आणि सगळेच माझ्यासारखे गिळत होते! काकांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. आणि सगळं शांत झाल्यावर मोशेआबा दणक्यात म्हणाले, "आमेन!" काका रडता रडता इतके हसले की पुढचं गाणं थांबलं. "दानियल," ते म्हणाले, "पगार बघितलास?" दानियलने मान डोलावली आणि वडिलांशेजारी येऊन बसला. पुढच्या प्रत्येक आशीर्वादाला पहिला आवाज त्याचा होता.

तरी ते गेलेच. शुक्रवारी सकाळी एस.टी. हलली. त्या संध्याकाळी दिवेलागणीला मी सवयीने कुंपणाशी जाऊन उभी राहिले. पलीकडे सगळं घर काळोखात. पुष्कळ वेळ झाला तशी ह्यांनी ओटीवरून विचारलं, "काय गं, काय बघतेस?"

"अमावास्या आहे," मी म्हटलं.

ह्यांनी वर पाहिलं. माडांच्या वर चांगला वाटोळा चंद्र आला होता.