कुसगावचं बिनडोक्याचं जनावर

कुणी काही नवल सांगायला आलं की सविता एकच विचारायची, "तुमी सोता बघितलं का?" या एका प्रश्नापायी तिच्याशी गप्पा मारण्यात कुसगावात कुणाला गोडी उरली नव्हती. हॉटेलात चादरी बदलणाऱ्या बाईनं एवढी चौकशी करावीच कशाला, असं गावाचं प्रामाणिक मत होतं.

आषाढात गावात जनावर आलं. डोकं नाही, पाठीवर भलंमोठं कवच, आणि चालायचं ते उलटं. गावातल्याच गौरवनं भल्या सकाळी धुक्यात गाडीवरून त्याचा व्हिडिओ काढला आणि दुपारपर्यंत ते निम्म्या गावानं पाहिलेलं होतं. पप्पूला तर त्याचा वासही आला. माऊलीच्या म्हशीनं त्या दिवशी दूध कमी दिलं, तोही पुरावाच.

सविताचे सासरे भिमाजी यांनी व्हिडिओ पाहिला आणि फर्मान काढलं, "पिंकीनं पहाटं पळायला जायचं न्हाई." पिंकी सविताची लेक. पोलीस भरतीसाठी धावत होती आणि मैदानी चाचणी तोंडावर आली होती. त्याच रस्त्यानं गावातले पुरुष पहाटे दूध घालायला जात, त्यांना जनावर काही करत नव्हतं. बहुधा त्याला पोरींचीच आवड असावी.

सवितानं गौरवला गाठून व्हिडिओ पुन्हा पुन्हा पाहिला आणि तिला हसू आवरेना. पाठीवर पानांचं इरलं घेऊन, वाकून, मागं मागं सरकत कुणीतरी भात लावत होतं. गौरवच्या बापानं शेत बंगलेवाल्याला विकलं तेव्हा गौरव रांगत होता. लावणी त्याला ठाऊक असायचं कारणच नव्हतं.

व्हिडिओतलं शेत सरूबाईचं होतं. सविता तिलाच जाऊन भेटली.

"व्हय, मीच हुते," सरूबाई म्हणाली. "वळखीचं पोरगं म्हणून हात केला, तर बोंबलत पळालं."

संध्याकाळी सवितानं हे सासऱ्यांना सांगितलं. त्यांनी शांतपणे तंबाखू मळली.

"मला काय सांगतीस? जन्म गेला माजा लावणीत. मी पयल्यांदाच वळखलं हुतं."

"मग पिंकीला का अडवलं, आबा?"

"तरण्या पोरीनं अंधारात पळू न्हाई. माजं कोन ऐकतंय? जनावराचं ऐकत्यात."

सविताला संताप आला. न पाहता बोलणारे तिनं आयुष्यभर पकडले होते, आणि पाहून गप्प बसणारा घरातच तंबाखू मळत होता. गौरव निदान खरंच घाबरला होता.

दुसऱ्या दिवशी पहाटे पिंकी बुटाच्या नाड्या बांधत होती. सवितानं सासऱ्यांना उठवलं आणि त्यांच्या हातात बॅटरी दिली.

"पोरीची काळजी हाय नव्हं? मग चला तिच्यासंगं."

भिमाजींनी इकडं तिकडं पाहिलं. नाही म्हणायला आता जनावरही उरलं नव्हतं. त्यांनी मुकाट्यानं चपला घातल्या.