सांडपाण्याच्या पाइपातला चंद्र

माझे शेजारी प्लंबर. सगळे त्यांना पाइपराव म्हणतात आणि तेही अशी मान लववतात, जणू दरबारात पदवी मिळाली आहे. रंगमंचावर मी बरेच राजे पाहिले, दोनचार वठवलेही. हा रुबाब कुणाला साधला नाही.

या गृहस्थांनी घरी दुर्बीण बनवली. नळी सांडपाण्याच्या जाड पाइपाची. डोळ्याजवळचं भिंग वरच्या तोंडापाशी, बाजूला बसवायला बेसिनखालची पितळी जोडणी. आणि तळाचा आरसा? पिंपावर एक काच ठेवून, तिच्यावर दुसरी घासत, पिंपाभोवती फिरत फिरत स्वतः घडवला. महिनोन्‌महिने!

"अहो, लग्नाआधी माझ्यामागेही एवढे फिरला नव्हतात," वहिनी म्हणायच्या.

"तू लवकर हो म्हणालीस. ही काच ऐकेचना."

नळी घरात मावेना म्हणून गच्चीवर गेली आणि इमारतीच्या अध्यक्षबाई भडकल्या. "गच्चीवर गटाराचा पाइप? शनिवारी संध्याकाळी मला त्यातून चंद्र दाखवा. नाहीतर रविवारी भंगारवाला बोलावते."

पाइपरावांचं धाबं दणाणलं. पितळी जोडणीच्या वजनाने लाकडी घोडीवर ठेवलेल्या नळीचं तोंड सारखं खाली झुकत होतं. मग त्यांनी गुपचूप बुडाला एक पिशवी बांधली आणि तिच्यात वहिनींचा लोखंडी बत्ता टाकला. तोल झकास जमला.

शनिवारी ऊन अजून रेंगाळत होतं आणि वर अर्धा चंद्र हजर होता. मी घसा खाकरला, "रसिकहो..."

"तुम्ही गप्प बसा हो," अध्यक्षबाई म्हणाल्या.

पाइपरावांनी चंद्र नेमका पकडला. बाई स्टुलावरून पुढे वाकल्या, तोच जिन्यातून वहिनींचा प्रवेश.

"मी घर पालथं घातलं! मिरी काय दातांनी कुटू?" म्हणत त्यांनी पिशवीतून बत्ता उपसला.

नळीचं तोंड धाडकन कठड्यावर आदळलं. बाई दचकल्या, पण हट्टी. आणखी वाकून त्यांनी डोळा लावलाच. जवळचं नीट दिसावं म्हणून पाइपरावांनी भिंग थोडं बाहेर ओढलं.

"अहो, हे काय? पाणी वर चढतंय!"

"बाई, यात सगळं उलटं दिसतं," पाइपराव पुटपुटले. "ती मागच्या इमारतीवरची टाकी आहे, आपल्याला पाणी देणारी."

"म्हणजे गळतेय! रोज दुपारी नळ कोरडे, आणि रखवालदार म्हणतो टाकी ठणठणीत आहे!"

पाइपराव नळी उचलू लागले.

"कुठे निघालात?"

"भंगारात. चंद्र कुठे दिसला तुम्हाला?"

"ठेवा खाली! ही इथेच राहणार. आणि दाखवा तो चंद्र, एवढं वाकवलंत मला."

वहिनी बत्ता देईनात, म्हणून नळीचं बूड मीच दाबून बसलो. बाईंनी डोळा लावला.

"हासुद्धा उलटाच का?"

"हो बाई."

"असू दे," त्या डोळा न काढता म्हणाल्या. "सरळ करायला जाऊ नका."