आईच्या धवळ्याची फाईल

“ही फाईल कशाने उघडायची?” असं कॉम्प्युटर मला विचारत होता. खाली त्यानेच पर्यायांची माळ लावली होती आणि त्यात चित्रं रंगवायचा प्रोग्रॅमही होता. “मला ठाऊक असतं तर तुझ्या तोंडाला लागले असते का?” मी त्याला मोठ्याने म्हणाले. शेजारी खुर्चीत आई बसली होती. एरवी ती यावर खो खो हसली असती. आता तिचं तोंड कायम एका बाजूला ओढलेलं असतं, त्यामुळे ती हसली की नाही ते कळत नाही.

फाईल माझ्या धाकट्या भावाने परदेशातून मेलने पाठवली होती. तिच्यात आईचा आवाज होता. माझ्या लेकीचं लग्न तोंडावर आलं होतं आणि तिच्या हळदीला मला तो आवाज हवा होता. तो दुसऱ्या कुठेच उरलेला नव्हता, आईजवळसुद्धा नाही.

आमचं माहेर वसईजवळच्या होळी गावातलं, वाडीवाल्यांचं. केळी, पानवेल, अबोली, विहिरीचं पाणी आणि भांडणं, हे सगळं मुबलक. आमच्याकडे लग्नात धवळे, म्हणजे विधींची गाणी, म्हणतात. मांडव घालताना वेगळा धवळा, हळदीला वेगळा, लेक निघताना वेगळा. आई धवळे म्हणणारी होती. गावात लग्न ठरलं की भटजींच्या आधी लोक तिला विचारायला यायचे. हळदीचा धवळा पुरा झाल्याशिवाय नवरीच्या अंगाला कोणी हळदीचं बोट लावायचं नाही, असा तिचा नियम होता. एकदा कुणाची तरी हौशी आत्या घाईघाईने हळदीचा हात पुढे घेऊन आली. आईने गाणं न थांबवता तिचं मनगट धरलं आणि शेवटच्या ओळीपर्यंत सोडलं नाही. आत्याबाई पुढे वर्षभर आमच्याशी बोलत नव्हत्या.

तिचा दुसरा नियम याहून कडक होता. मांडवाबाहेर धवळा म्हणायचा नाही. भावाने एकदा व्हिडिओ कॉलवर लाडीगोडी लावली, “आई, एक धवळा म्हण ना, रेकॉर्ड करून ठेवतो.” आईने त्याला उडवून लावलं, “मांडव नाय, नवरी नाय, कोनासाठी म्हनू? धवळा काय टाइमपास हाय?” मग माझ्या लेकीकडे बोट दाखवून म्हणाली, “हिच्या हळदीला म्हनीन. तवा घे किती घ्यायचा तो.”

त्यानंतर काही महिन्यांतच तिला झटका आला. उजवा हात गेला आणि वाचा गेली. मी नोकरी सोडली, तिला विरारला माझ्या फ्लॅटवर आणलं. भाऊ दर रविवारी फोन करून तिला व्यायाम कोणते द्यायचे ते मला सांगतो. उंटावरून शेळ्या हाकायला फार अंगमेहनत लागत नाही.

धवळ्यात घरच्यांची नावं गुंफलेली असतात. हळद कोणाच्या वाडीतली, ती कोणी वाटली, करवली कोण. भावाच्या लग्नात करवली मी होते. आईने त्याच्या हळदीला जो धवळा म्हटला त्यात माझं नाव होतं, आणि ते असं लांबवून, वर चढवून घेतलं होतं की मी लाजून चुलत बहिणीच्या मागे लपले होते. लेकीच्या हळदीला आजीचा आवाज हवा, हे मी सगळ्यांना सांगत होते आणि ते खोटं नव्हतं. पण त्याहून जास्त मला माझं नाव ऐकायचं होतं. आता घरात मी मम्मी, बिल्डिंगमध्ये काकू, दवाखान्यात पेशंटची मुलगी. भाऊ ताई म्हणतो. नावाने हाक मारणारं एकच माणूस होतं, आणि ते आता हाताने खुणावतं.

भावाच्या लग्नाची फोटोवाल्याने दिलेली सीडी आमच्याकडे होती. तिच्यात हळदीच्या प्रसंगावर त्याने हिंदी सिनेमातलं गाणं चढवलं होतं. आमच्याकडच्या सगळ्याच फोटोवाल्यांना ही खोड आहे. तेव्हा भाऊ केवढा भडकला होता! “अडाणी लोक. खरं जे आहे ते पुसून टाकतात.” त्याने स्वतःचा कॅमेरा मित्राच्या हाती देऊन ती हळद घेतली होती, म्हणून त्याला फिकीर नव्हती. तेवढ्यावरच मी भिस्त ठेवली होती.

“व्हॉट्सअ‍ॅपवर क्वालिटी जाते, ताई,” तो म्हणाला. “मेल करतो.” फाईल मोठी, एका मेलमध्ये मावेना, म्हणून त्याने तिचे तुकडे केले आणि मेलमागून मेल धाडले. तुकड्यांच्या नावांपुढे नुसते आकडे. मी पहिला उघडायला गेले तेव्हा कॉम्प्युटरने तो प्रश्न विचारला. मी हट्टाने नोटपॅडने उघडून पाहिला, तर पडदाभर चौकोन, प्रश्नचिन्हं आणि कुठल्या तरी देशाची अक्षरं सांडली. आईने मान पुढे काढून बघितलं आणि माझ्याकडे पाहिलं. “हा तुझा धवळा,” मी म्हणाले.

भावाला फोन केला. “माझ्याकडे उघडतंय,” तो म्हणाला. या वाक्याइतकं संतापजनक वाक्य जगात नाही. तुझ्याकडे सगळंच उघडतं रे बाबा. दारं, वाटा, नशीब. “तुझ्याकडेच काही तरी प्रॉब्लेम असेल,” असंही तो म्हणाला. ऑफिसात बिलं टाइप करता करता मी डोळ्यांना चष्मा लावून घेतला, त्या काळात हा घरी शाळेचा प्रोजेक्ट माझ्याकडून करून घ्यायचा, आणि आता प्रॉब्लेम माझ्याकडे!

लेकीला सांगितलं तर ती मोबाईलमधून मान वर न करता म्हणाली, “मम्मी, चिल ना यार. डीजे सांगितलाय. एवढं कोण ऐकणारे?” ती वाईट मुलगी नाही. ती मांडवात वाढलीच नाही, विरारच्या सातव्या मजल्यावर वाढली. शिवाय धवळे मला तरी कुठे येतात? मी शिकायला बसले की आईच ओरडायची, “तू अभ्यास कर. गान्याने पोट भरत नाय.” मी अभ्यास केला. पोट भरलं.

मग मीच शोध घेत बसले. सकाळी आईचं आंघोळपाणी झालं की तिची खुर्ची टेबलाशेजारी ओढायची आणि कामाला लागायचं. हे तुकडे एकेकटे उघडत नाहीत, सगळे एका फोल्डरमध्ये ठेवून पहिल्यावर क्लिक करायचं असतं, हे मला कळलं. तसं केलं तर मधला एक तुकडा नाही म्हणे. तो स्पॅममध्ये सापडला, लॉटरी लागल्याच्या आणि केस उगवण्याच्या मेलांच्या गर्दीत. तो आणून ठेवला तरी जुळेना, कारण एक तुकडा मी दोनदा उतरवला होता आणि कॉम्प्युटरने एकाच्या नावाला कंसात शेपूट लावलं होतं. शेपूट काढलं. तुकडे एकदाचे जुळले आणि त्यातून व्हिडिओची फाईल बाहेर आली. ती चालवली तर काळा पडदा, आणि फाईलचा हा प्रकार आम्हाला कळत नाही, अशी पाटी.

पुन्हा फोन. “तुझा कॉम्प्युटर म्युझियमला दे,” भाऊ हसत म्हणाला. मग म्हणाला दुसरा प्लेअर टाकून बघ, वाटेल ती फाईल चालवणारा फुकट मिळतो. हे त्याला पहिल्या दिवशी सांगता आलं असतं. मी चिडले, पण मनातल्या मनात. आवाज त्याच्याकडून यायचा होता ना! अडला हरी, दुसरं काय.

या सगळ्या खटाटोपात आई रोज शेजारी होती. तिला किती कळत होतं ते मला सांगता येणार नाही. पण काही तरी मोडलंय, ते भावाने पाठवलंय आणि मी ते दुरुस्त करतेय, एवढं तिला नक्की कळलं होतं. एखादा दिवस मी कॉम्प्युटरकडे गेले नाही की ती डाव्या हाताने टेबलावर थाप मारायची. चल, बस कामाला.

आणि एका सकाळी फाईल उघडली.

आमचं अंगण दिसलं. केळीचे खांब, खाली अंथरलेली चटई, पाटावर माझा भाऊ, लाजल्याचं नाटक करत. बायका गोल बसलेल्या, त्यातल्या कितीतरी आता नाहीत. मध्ये आई, अंबाड्यात अबोलीचा गजरा, सरळ तोंड, दोन्ही हात मांडीवर. तिने डोळे मिटले, तोंड उघडलं, आणि स्पीकरमधून सिनेमातलं गाणं आलं. ढोल, सनई, पुरुषाचा गोड आवाज.

मला वाटलं, दुसरंच काही तरी चालू राहिलंय. मी सगळं बंद केलं, पुन्हा लावलं. तेच. आवाज वाढवला, की याच्या खाली कुठे तरी आई असेल. लेकीचे हेडफोन कानात खुपसले, एक कान, मग दुसरा. खाली कोणीही नव्हतं.

“हो, मीच टाकलं ते,” भाऊ फोनवर म्हणाला. “अगं, इकडच्या मित्रांना दाखवायचं होतं. आईचं ते किती लांबत जातं, एकसुरी, मागे पोरं रडतायत. गाण्याने कसा मूड येतो.”

“अडाणी लोक काय करतात म्हणाला होतास?” मी विचारलं. त्याला ते आठवेना.

“मूळ कुठाय?”

“मूळ कशाला ठेवू? केवढी जागा खातं ते. पण आई काय मस्त दिसतेय ना?”

मी फोन ठेवला. मला त्याचा भयंकर राग आला. अजूनही येतो, आणि तो कमी व्हावा अशी माझी इच्छाही नाही. मुलं परदेशी गेली की आईबापांना विसरतात, हे सगळे म्हणतात. हा विसरला नव्हता. त्याने तिला जपून ठेवलं होतं, गजऱ्यासकट, फक्त तिचा आवाज त्याला नको होता.

पडद्यावर आईचे ओठ हलतच होते. मी कडवी मोजल्यासारखी बघत राहिले. हळद कोणाच्या वाडीतली, ती कोणी वाटली. मग तिने मान जराशी वळवली, जिथे मी बसले होते तिकडे, ओठ मिटले आणि उघडले. माझं नाव ओठ मिटूनच सुरू होतं. आईने माझं नाव घेतलं आणि त्या जागी एक पुरुष भलत्याच कुणावर तरी प्रेम असल्याचं गात होता.

शेजारी खऱ्या आईने स्पीकरकडे बोट केलं. मग माझ्याकडे बघितलं, मग पुन्हा स्पीकरकडे. टेबलावर थाप मारली. तिला वाटलं, अजून बिघाड आहे. इतकं सगळं हिने दुरुस्त केलं, आता एवढं राहिलंय, तेही करेल. मी मान हलवली. “करते,” म्हणाले. दुसरं काय म्हणणार होते? त्यानंतरही ती काही दिवस थाप मारत राहिली आणि मी कॉम्प्युटरसमोर बसून उगाच काही तरी क्लिक करत राहिले.

हळद बिल्डिंगच्या गच्चीवर झाली. डीजेच्या भिंती उभ्या केल्या होत्या. नवरदेवाकडची मंडळी जूचंद्रहून हळद घेऊन वेळेवर आली, अगदी भली माणसं. लेक पिवळ्या लेहेंग्यात नाचत नाचत पाटापर्यंत आली. आईला मी पाटाजवळच खुर्चीत बसवलं होतं, अंबाडा नाही जमला तरी गजरा माळला होता. एका चुलत बहिणीच्या हातातल्या मोबाईलवर भाऊ होता, तिकडून ओरडत होता, “जरा आईला दाखवा! आईला दाखवा!”

पहिली हळद नवरीच्या आईने लावायची, म्हणजे मी. मी वाटीत बोटं बुडवली आणि हात लेकीच्या गालाकडे नेला. आईने डाव्या हाताने माझं मनगट धरलं.

मला आधी वाटलं, तिला पण लावायचीय. मी तिचा हात वाटीकडे न्यायला गेले तर तो हलेना. ती माझ्याकडे बघत होती, रागाने, अगदी त्या हौशी आत्याकडे बघितलं होतं तशी. अजून कोणी धवळा म्हटला नव्हता. तो पुरा झाल्याशिवाय बोट लावायचं नाही.

“आजी, सोडा की!” कुणी तरी हसत म्हणालं. “नात सासरी चाललीय म्हणून वाईट वाटतंय हो त्यांना.” लेक म्हणाली, “मम्मी, लवकर, फोटोवाला थांबलाय.” डीजेने गाणं बदललं. आईची पकड ढिली होईना. झटक्यानंतर तिच्या एका हातात इतकी ताकद उरली असेल असं मला वाटलं नव्हतं.

मी तिच्या कानाशी वाकले. काही तरी म्हणावं, निदान पहिली ओळ म्हणावी, म्हणून तोंड उघडलं. मला ती येत नव्हती.

मग मी दुसऱ्या हाताने तिची बोटं माझ्या मनगटावरून एकेक करून सोडवली, आणि लेकीला हळद लावली.