माय अकाउंट

चहाचा कप आधी खाली ठेवा, नाहीतर हसताना सांडाल! मी इथं मध्य प्रदेशात, बालाघाटला वीस वर्षं सरकारी नोकरी करतोय, डोक्यावरचं निम्मं छप्पर उडालंय, आणि तरीही गेल्या महिन्यात चार दिवस मी अकरा वर्षांचा होतो. कसा? ऐका.

माझी मुलगी ईश्वरी, वय वर्षं अकरा. पण घरात तिला ईश्वरी कोणीच म्हणत नाही. माझी आई गेली त्याच वर्षी ती जन्मली, म्हणून सगळे तिला मायच म्हणतात. कॉम्प्युटरवर तिचं खातंसुद्धा 'माय' याच नावाचं. ते उघडताना लहान वय चालेना, म्हणून मी आईचीच जन्मतारीख ठोकून दिली! त्यामुळे कॉम्प्युटरच्या लेखी माय म्हणजे ऐंशीच्या घरातली म्हातारी.

आणि ही म्हातारी दिवसभर व्हिडिओ बघते! काय बघते? रंगीत चिकट लगदा कालवणारे हात!

"अवो, त्या कॉम्प्युटरले काही कुलूप लावा," बायको संध्या म्हणाली. "का प्रशांतले बोलावू?"

प्रशांत म्हणजे तिचा भाऊ, तिरोडीला कॉम्प्युटरचं काम करतो. आता मला सांगा, घरात कॉम्प्युटरमधलं मलाच कळतं, एवढीच माझी इज्जत शिल्लक. ती साळ्याच्या हाती द्यायची?

"काहून? मी काय मेलो का?" मी ऐटीत म्हणालो. खोलीत गेलो, दार लावलं आणि हळूच प्रशांतलाच फोन लावला.

"सोपं हाय, भाऊजी. पयले माय अकाउंटमंदी जा."

"गेलो."

"आता तिथं लेकराचं खातं जोडा."

मायच्या खात्यात आणखी कुठलं लेकरू? यादीत एकच नाव होतं, माझ्या स्वतःच्या खात्याचं, 'पप्पा'.

"अरे, इथं तं पप्पाच दिसून राह्यला!"

"हौ, पप्पा तं पाह्यजेच. दाबा! आता लेकराची जन्मतारीख टाका."

मी मायची टाकली, यावेळी खरी. हिरवी खूण आली. बाहेर येऊन मी छाती काढून सांगितलं, "लागलं कुलूप!"

आता एक गोष्ट फक्त तुम्हाला सांगतो. केस गेल्याचं मला काहीच वाटत नाही, असं मी घरात दहा वर्षं सांगत आलोय. साफ खोटं! रोज संध्याकाळी 'ऑफिसचं काम' म्हणून दार लावतो आणि केस उगवण्याचे व्हिडिओ बघतो. कांद्याचा रस, मेथीचं पाणी, काही म्हणून सोडलं नाही. हे संध्याला कळलं असतं तर तोंड दाखवायची सोय उरली नसती.

दुसऱ्या दिवशी ऑफिसातून आलो, नेहमीचा व्हिडिओ लावला. पडद्यावर एक अस्वल आलं आणि म्हणालं, "यह वीडियो बड़ों के लिए है। पहले बड़ों से पूछो!"

शेहेचाळीस वर्षांच्या माणसानं कोणत्या मोठ्याला विचारायचं हो? आमच्या साहेबांना? खाली 'पूछो' असं बटण होतं. दाबलं. काहीच होईना. पुन्हा दाबलं. असा चार दिवस दाबत राहिलो. तेवढ्या वेळात अस्वलानं मला बदकाची, सशाची, आगगाडीची गाणी ऐकवली. एकदोन तर मला पाठच झाली.

मायची चाचणी परीक्षा होती, म्हणून ती चार दिवस कॉम्प्युटरकडे फिरकली नाही. मी मात्र त्याचं श्रेय माझ्या कुलपाला देऊन मोकळा!

रविवारी प्रशांत जेवायला आला. सोबत सासूबाई. जेवणं झाल्यावर माझ्या अंगात आलं.

"माय, जाय, तुयं खातं उघडून मामाले दाखव. पाहू दे कसं कुलूप लावलं तं!"

मायने खातं उघडलं. तिची शाळा हिंदी, त्यामुळे वाचन एकदम खणखणीत.

"पप्पा, आपने मुझसे परमिशन मांगी है? बीस बार?"

"कायची परमिशन?" संध्यानं विचारलं.

"'गंजे सिर पर पंद्रह दिन में बाल।' 'प्याज का रस कैसे लगाएं।' फिर से 'गंजे सिर पर...'"

"बस कर वं माय!" मी ओरडलो. पण उशीर झाला होता.

"म्हनून उशीले कांद्याचा वास येऊन राह्यलता!" संध्या म्हणाली. "अन् मी रोज खोळी धुऊन राह्यली!"

प्रशांतनं स्क्रीनमध्ये डोकं घातलं आणि कपाळावर हात मारला. "भाऊजी, मी इंग्रजीतलं माय म्हटलं होतं! म्हंजे तुमचं सोताचं! तुमी लेकीच्या खात्यात काहून घुसले? आता ते तुमची माय अन् तुमी तिचं लेकरू!"

"पप्पा," माय गंभीरपणे म्हणाली, "रोज़ आधा घंटा। उससे ज़्यादा नहीं।"

माझ्या नावापुढे हिंदीत ठळक अक्षरांत लिहिलं होतं, 'बाल खाता'. इतका वेळ पदरात हसू दाबून बसलेल्या सासूबाईंनी चष्मा लावला, ते वाचलं, मग माझ्या टकलाकडे पाहिलं.

"चाला, डोक्यावर नाही तं नावापुढं तरी! जावईबापूले बाल आले!"