पुसलेल्या पत्र्यावरचं बोट

ही गोष्ट तोंडापर्यंत येते आणि मी दुसरंच काहीतरी बोलतो, असं कित्येक वर्षं चाललंय. बायकोला माहीत नाही. तुम्हाला सांगतोय, पण नीट सांगता येईलच असं नाही. मलाच ती अजून नीट कळलेली नाही.

एका टाकीची गोष्ट आहे. विमानाच्या पेट्रोलच्या टाकीची — हसू नका, खरंच.

सॉफ्टवेअर कंपन्या भराभर माणसं घेत होत्या त्या काळात मी तालुक्याच्या गावातून पुण्यात आलो. घरातला पहिला पदवीधर. आम्ही बौद्ध. खोली शोधताना आडनाव सांगितलं की बऱ्याच दारांत “आत्ताच दिली हो” असं ऐकू यायचं. कोथरूडच्या एका बंगल्यात मात्र घरमालक काकांनी आडनाव विचारलंच नाही. “रिव्हेट मारता येतं का?” एवढंच विचारलं.

काका हवाई दलात विमानं दुरुस्त करून निवृत्त झाले होते, काकू शाळेत रसायनशास्त्र शिकवून. परदेशातून सुट्या भागांच्या पेट्या मागवून दोघं गाडीच्या शेडमध्ये दोन सीटचं विमान बांधत होते. गाडी बिचारी बाहेर उन्हात. एक सीट काकांची, दुसरी काकूंची, हे पहिल्यापासून ठरलेलं. शेजारचे विचारायचे, “काय, झालं का तुमचं पुष्पक विमान?” काका म्हणायचे, “झालं की पहिलं तुमच्याच गच्चीवर उतरवतो. पापड तेवढे काढून ठेवा.”

रविवारी मी त्यांच्या हाताखाली काम करायचो. त्या बदल्यात काय काय मिळालं! अमेरिकेतल्या साहेबाशी फोनवर कसं बोलायचं ते काकूंनी माझ्याकडून घोकून घेतलं. माझे वडील पहिल्यांदा आले तेव्हा त्या त्यांच्या शेजारी बसून जेवल्या. वडिलांना परत सोडायला गेलो तेव्हा एसटी सुटेपर्यंत ते माझा हात धरून बसले.

— हे सगळं मी का सांगत बसलोय? टाकीकडे यायचं टाळतोय म्हणून.

तर, टाकी पंखातच असते. ॲल्युमिनियमचे पत्रे रिव्हेटच्या खिळ्यांनी जोडून ती बनवायची. रिव्हेट मारण्याआधी प्रत्येक सांध्यावर एक काळा, सडक्या अंड्यासारखा वास येणारा मसाला लावायचा, म्हणजे पेट्रोल झिरपत नाही. पण त्याआधी पत्रा थिनरनं पुसायचा, पांढरं फडकं कोरं निघेपर्यंत. आणि पुसल्यावर उघड्या बोटानं शिवायचं नाही. बोटाचं तेलकटपण लागलं की मसाला धरत नाही. पुसण्याचं काम काकूंचं. परीक्षानळ्या धुवाव्यात तसं त्या ते करायच्या आणि शेवटी फडकं माझ्यासमोर धरायच्या. “बघ रे. कोरं?” मी म्हणायचो, “कोरं.”

त्या रविवारीही म्हणालो होतो. मग आत फोन वाजला. काकू जाता जाता म्हणाल्या, “हात लावू नकोस हं.” त्या हे सगळ्यांनाच म्हणायच्या, काकांना तर ओरडून. काका पाठमोरे मसाला कालवत होते.

मी हातमोजे अजून घातले नव्हते. सकाळी डोक्याला खोबरेल तेल लावलं होतं, आईनं घालून दिलेली सवय. केसांवरून हात फिरवला. आणि मग तेच बोट पुसलेल्या पत्र्याच्या कडेवरून फिरवलं. या टोकापासून त्या टोकापर्यंत. सावकाश.

का? चुकून? नाही. घाईत? नाही. राग आला होता का? पण कुणाचा — माझ्या वडिलांच्या शेजारी बसून जेवणाऱ्या बाईचा? “हात लावू नकोस” — गावातल्या शाळेत पाण्याच्या माठाजवळ हेच शब्द मी ऐकले होते, वेगळ्या आवाजात. पण ते कारण म्हणून पुढे करू का? शाळेत मी माठाला कधीच हात लावला नाही. इथे लावला, जिथे मला घाबरायचं काही कारणच नव्हतं. याला काय म्हणायचं?

बरं, लावला तर लावला. काका वळले तेव्हा “पुन्हा पुसू या” एवढंच म्हणायचं होतं. त्यांनी मसाला लावला. मी रिव्हेट मारले.

मसाला वाळल्यावर टाकीची सगळी तोंडं बंद करून एकावर फुगा बसवला आणि हवा भरली. फुगा ताठ राहिला तर टाकी पक्की. दुसऱ्या दिवशी सकाळी फुगा मान टाकून पडला होता. “थंडीनं हवा आकसते,” काका म्हणाले. ऊन येईपर्यंत आम्ही वाट पाहिली. ऊन आलं, फुगा उठला नाही. साबणाचं पाणी लावलं, तर नेमक्या त्या कडेला बुडबुडे.

काकांनी सांधा उकलला. तिथला मसाला केळीच्या सालीसारखा अलगद सुटून आला. खाली पत्रा चकचकीत.

“इथं पुसलंच गेलं नाहीये.”

“अहो, पुसलं होतं मी.”

“हो का? मग ॲल्युमिनियमला घाम फुटला असेल.”

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. संशयानं नव्हे, साक्षीसाठी. “तू फडकं बघितलं होतंस ना रे?”

मी पंपाची नळी गुंडाळत होतो. म्हणालो, “माझं लक्ष नव्हतं, काकू.”

हेच ते वाक्य. बोटाचं मला आजही कोडं आहे, या वाक्याचं नाही. हे मी पूर्ण शुद्धीत बोललो.

काकूंच्या आईला म्हातारपणी काही आठवेनासं झालं होतं. शेवटी लेकसुद्धा ओळखू येत नव्हती. काकूंना जगात भीती कशाची असेल तर ती त्याची, आणि हे मला ठाऊक होतं. त्या स्टुलावर बसल्या, हातांकडे बघत म्हणाल्या, “मग मीच विसरले असेन.”

त्यानंतर त्या शेडमध्ये आल्या नाहीत. काका आपल्या परीनं मनवायचे, “अगं, फडकं रुसलंय तुझं.” त्या हसायच्या आणि आत जायच्या. टाकी काकांनी पुन्हा केली. पुढे विमान उडालंही, पुण्यापासून लांबच्या एका धावपट्टीवर. काकू डोळ्यांवर हात धरून खाली उभ्या होत्या. दुसऱ्या सीटवर बसायला त्यांनी नकार दिला. मग काकांनी मला बोलावलं.

मी बसलो.

काकू शेवटपर्यंत काहीही विसरल्या नाहीत. माझ्या मुलांचे वाढदिवस, माझ्या वडिलांना कमी तिखट लागतं ते, सगळं लक्षात. पण स्वतःवरचा भरवसा गेला तो गेलाच. घरातून निघताना कुलूप लावलं की त्या थांबायच्या. मी बरोबर असलो की मला विचारायच्या, “गॅस बंद केला ना रे मी? तू बघितलंस ना?” काकांना नाही विचारायच्या. मला विचारायच्या.

मी म्हणायचो, “हो काकू, मी बघितलं.”

आणि फडकं कोरं होतं. तेही मी बघितलं होतं.